४० मिमी ट्यूबलेस टायर : हिवाळ्याचे पाच महिने आणि ३,१०० किलोमीटरनंतर

लांब पल्ल्याची सायकल मी स्पर्धेसाठी नव्हे, तर हौसेने चालवतो. आठवड्यातून एकदा ८० ते १४० किलोमीटर आणि मधल्या दिवसांत जमेल तशी छोटी फेरी, असा माझा क्रम आहे. पूर्वी हिवाळा आला की तो मोडायचा, कारण २८ मिमीच्या टायरवर ओल्या पाचोळ्याचा उतार किंवा सैल खडीचा रस्ता उतरताना सगळे लक्ष तोल सावरण्यातच जाई. या हिवाळ्याच्या तोंडावर मी ४० मिमीचे ट्यूबलेस टायर बसवले. त्यांच्यावर आतापर्यंत ३,१०० किलोमीटर झाले असून त्यांतले साधारण दोन तृतीयांश डांबरी रस्त्याचे आणि बाकीचे खडी, माती व जंगलवाटांचे आहेत. टायर चांगलेच आहेत, परंतु त्यांचे सुख टायरपेक्षाही त्यांत किती हवा भरली आहे यावर अवलंबून असते, हे मला उमगायला पहिला दीड महिना लागला.

टायरच्या बाजूवर ४०-६२२ असे छापलेले असते. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमवर टायरची कड जिथे बसते तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. प्रत्यक्ष रुंदी रिमच्या आतल्या रुंदीनुसार बदलते. माझ्याकडे ती ४१.५ मिमी भरली. मडगार्ड आणि टायर यांत मी जेमतेम ६ मिमी जागा ठेवली होती आणि ती चूक ठरली. चिकट मातीच्या एका वाटेवर चिखल आणि पाने मडगार्डखाली दाबून बसली, मागचे चाक फिरेनासे झाले आणि काडीने ती माती कोरून काढण्यात वीस मिनिटे गेली. आता १२ मिमी जागा आहे आणि तो त्रास पुन्हा झालेला नाही.

सुरुवातीला मी पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरत असे. अरुंद टायरची सवय हातात मुरलेली असल्यामुळे त्याहून कमी दाब मनाला पटत नव्हता. खडीवर सायकल उडायची, मनगटे दुखायची आणि चढावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागीच फिरायचे. दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करत मी पुढे ३६ आणि मागे ४० वर आलो. सामानासह माझे आणि सायकलचे वजन ९० किलोच्या आसपास आहे. हलक्या माणसाला याहूनही कमी दाब चालेल. इतक्या दाबाला टायर दगडावरून उडण्याऐवजी दगड पोटात घेतो, आणि ओल्या डांबरावरच्या वळणात चाक रस्त्याला धरून असल्याचे हँडलवर स्पष्ट जाणवते. सपाट डांबरावर माझा सरासरी वेग यामुळे घटलेला दिसला नाही.

थंडीचा परिणाम मात्र मी विसरलो होतो. घरात २० अंशांना भरलेली हवा बाहेर १ अंशात गेली की आकसते. एका सकाळी मागच्या चाकात बरोबर ४० पीएसआय भरून निघालो आणि तासाभराने गेज लावले, तर ते ३६ दाखवत होते. कुठेही गळती नव्हती. दाब निरपेक्ष (म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या) तापमानाच्या प्रमाणात बदलतो, आणि गेजवरच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवून हिशोब केला तर एवढीच घट निघते. तेव्हापासून कडाक्याच्या दिवशी मी घरातून निघताना ४ पीएसआय जास्त भरतो.

हिवाळ्यात वेग कमी पडतो म्हणून टायरला दोष देऊ नये, असेही मला वाटते. २० अंशांच्या तुलनेत शून्य अंशाला हवा सुमारे ७ टक्के दाट असते, थंड रबर कडक होऊन जास्त ऊर्जा खाते, आणि त्यात अंगावर कपड्यांचे थर असतात. उन्हाळ्यातल्या १२० किलोमीटरच्या वाटेला मी आता पाऊण तास जास्त धरूनच निघतो, म्हणजे अंधार पडण्याची धास्ती राहत नाही.

पंक्चरचा अनुभव संमिश्र आहे. बारीक काटे किती टोचले याची मोजदाद नाही, कारण टायरमध्ये ओतलेल्या सीलंटने, म्हणजे छिद्रे बुजवणाऱ्या द्रवाने, ते आतल्या आत बुजवले. मला फक्त टायरवर वाळलेले पांढरे ठिपके दिसत. चौथ्या महिन्यात मात्र घरापासून बरेच दूर असताना धारदार गारगोटीने मागच्या टायरला ५ मिमीची चीर पाडली. छिद्र खाली येईल असे चाक फिरवून थांबलो, तरी फुसफुस थांबेना. शेवटी रबराची चिकट पट्टी सुईने आत ढकलली तेव्हा हवा टिकली. या कामासाठी हातमोजे काढावे लागतात. दहा मिनिटांत बोटे इतकी बधिर झाली की व्हॉल्व्हची टोपी चिमटीत धरता येईना. घरी टायर उघडला तेव्हा ६० मिलिलिटर सीलंटपैकी तळाशी थोडेसेच द्रव उरले होते, बाकीचे आतून साय धरावी तसे वाळले होते आणि व्हॉल्व्हचा गाभाही चिकटला होता. आता दर दोन महिन्यांनी मी सीलंटची भर घालतो, आणि पिशवीत पट्ट्यांबरोबर एक साधी ट्यूब व व्हॉल्व्हचा जादा गाभा ठेवतो. ज्यांना ही देखभाल नकोशी वाटते, त्यांनी हाच टायर ट्यूब घालून वापरावा. रुंदीचा बहुतेक लाभ तसाही मिळतो.

बर्फाविषयी स्पष्ट सांगायला हवे. भुसभुशीत हिमाच्या पातळ थरावरून हे टायर नीट जातात, परंतु रस्त्यावर गोठलेल्या पारदर्शक थरावर त्यांचा काहीही उपयोग होत नाही. तिथे खिळ्यांचेच टायर हवेत. पुलावर आणि सावलीतल्या वळणांवर असा थर उशिरापर्यंत टिकतो, म्हणून तिथे मी उतरून चालत जातो.

मागच्या टायरच्या मधल्या गाठी आता निम्म्या झिजल्या आहेत आणि ती चीर पट्टीसह शाबूत आहे. पुढचा टायर अजून जवळजवळ कोरा दिसतो. येत्या महिन्यात नवा टायर पुढे घालणार आहे आणि पुढचा मागे नेणार आहे, कारण उतारावर मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले की सावरायला वेळच मिळत नाही.