छेद शून्य कुठे होतो? या कामाला कॅसिओ ९९१ ईएस प्लस कसा आहे

नांदेड, लातूर, संभाजीनगर, कुठेही पॉलिटेक्निकला नंबर लागला की पहिली खरेदी कॅल्क्युलेटरची, आणि दुकानदार बहुधा हाच पुढे करतो. इथे तो एकाच कामापुरता तपासू: गुणोत्तरीय बैजिक राशी (अंश आणि छेद दोन्हींत क्ष असू शकतो असा अपूर्णांक) क्षच्या कोणत्या किमतींना निरर्थक ठरते, म्हणजेच तिचा छेद कुठे शून्य होतो.

या कामाचा खरा मोड ईक्यूएन (EQN), म्हणजे समीकरण सोडवणारा. समजा राशी आहे (२क्ष + १) / (क्ष² − क्ष − ६). अंशाकडे बघायचंच नाही. मोड, ५, मग ३ दाबा आणि छेदाचे सहगुणक १, −१, −६ भरा. प्रत्येकानंतर बरोबरचं बटण. उत्तरं येतात ३ आणि −२. या दोन किमती सोडून सगळ्या वास्तव संख्या, हा झाला प्रांत, म्हणजे राशीला चालणाऱ्या किमती. छेद क्ष² − ६क्ष + ९ असेल तर एकटा ३ दिसतो. घाबरू नका, दोन्ही मुळं तीच आहेत. क्ष² + ४ दिला तर उत्तरापुढे ‘आय’ (i, काल्पनिक संख्येची खूण) लागतो. याचा अर्थ वास्तव संख्यांत छेद कधीच शून्य होत नाही, काहीच वगळायचं नाही. पोरं नेमकी इथे ‘आय’ गाळून ±२ लिहून मोकळी होतात.

टेबल मोड (७) ठराविक पायरीने क्षच्या किमती घेऊन राशीच्या किमतींचा तक्ता देतो. दिसायला भारी, पण त्यावर विसंबू नका. राशी टाइप करा, दुसरं फलन जी (g) विचारलं तर नुसतं बरोबर दाबा, सुरुवात −५, शेवट ५, पायरी १. वरच्या राशीला −२ आणि ३ समोर एरर येतो. छान. आता (क्ष + ४) / (२क्ष² − ७क्ष + ३) टाका: एरर फक्त ३ ला. दुसरी किंमत १/२, ती पायऱ्यांच्या मधून निसटली. पायरी ०.५ केली की सापडते. छेद क्ष² − २ असेल तर मात्र पायरी कितीही बारीक करा, √२ हाती लागत नाही. टेबल पडताळ्यापुरतंच ठेवा.

एका बाबतीत मात्र हे यंत्र विद्यार्थ्यापेक्षा प्रामाणिक आहे. (क्ष² − ९) / (क्ष − ३) मध्ये अवयव कापून क्ष + ३ उरतं आणि ‘सर्व वास्तव संख्या’ असं उत्तर लिहिलं जातं. मूळ राशी जशीच्या तशी टेबलात टाका, ३ ला एरर येतोच. अट एवढीच, सरळरूप देऊन टाकायचं नाही.

कंस विसरलात तर दोष यंत्राचा नाही. क्ष + २ ÷ क्ष − ३ असं सलग टाकलं की ते फक्त शून्याला अडतं. ३ ला बिनदिक्कत आकडा देतं. अपूर्णांकाचं बटण वापरा.

एमएसबीटीईच्या (डिप्लोमाच्या परीक्षा घेणाऱ्या राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) पेपरला प्रोग्रॅम न करता येणारा कॅल्क्युलेटर चालतो, म्हणून डिप्लोमाला पैसे वसूल. लातूरला अकरावी-बारावी करून जेईई किंवा सीईटी देणाऱ्यांनी यात पैसे घालू नयेत. तिथे कॅल्क्युलेटर आत नेताच येत नाही, अवयव हातानेच पाडावे लागतात.

कॅसिओचाच स्वस्तातला ८२ एमएस घेऊ नका, त्यात ईक्यूएनही नाही आणि टेबलही नाही. ९९१ सीडब्ल्यूची मांडणी वेगळी आहे, वरचे मोडचे आकडे त्याला लागू नाहीत. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात घ्या नाहीतर गावातल्या स्टेशनरीत, पैसे देण्याआधी मोड दाबून ५ समोर ईक्यूएन आणि ७ समोर टेबल आहे ना, ते बघा.