अभ्यासिकेत नऊ महिने एअर प्युरिफायर आणि सीओटू मीटर वापरल्यावर

जळगावला माझी अभ्यासिका आहे, पहिल्या मजल्यावर एकच हॉल, 30 बाय 20, उंची 10 फूट, 40 सीट, एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं पहाटेपासून रात्री अकरापर्यंत बसलेली. मागच्या डिसेंबरात एक पोरगा खोकत आला, थंडीमुळे खिडक्या सगळ्या बंद, आणि आठवड्याभरात अकरा सीट रिकाम्या, मी पण पाच दिवस तापाने आडवा. मग जानेवारीत दोन हेपा फिल्टरवाले (हवेतले अगदी बारीक कण अडवणारे) प्युरिफायर, एक कार्बन डायऑक्साइड मीटर आणि 12 इंची एक्झॉस्ट फॅन घेतला.

आधी मीटरचं सांगतो कारण खरा पैसा तिथंच वसूल झाला. पहिला मीटर बाराशेचा घेतला तो पाण्यात गेला, तो सीओटू मोजतच नव्हता, दुसऱ्या वायूंवरून अंदाजे आकडा टाकायचा, सॅनिटायझर हाताला लावलं की तीन हजार दाखवायचा. घेताना एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट सीओटू मोजणारा) आहे का तेवढं बघा, मला साडेसात हजाराला पडला. बाहेरच्या हवेत आकडा साधारण 420 पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग सीओटू, आणि आपण सोडतो त्या श्वासात असतो 40 हजाराच्या आसपास, म्हणजे हॉलमध्ये आकडा जितका वर तितकी आपण दुसऱ्याची उष्टी हवा ओढतोय. पोरांना मी असंच सांगितलं, उष्टी हवा मोजायचं मशीन, लगेच समजलं. पहिल्या दिवशी रात्री नऊला 34 पोरं होती आणि आकडा 2700! समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून एक्झॉस्ट लावला तर वीस-पंचवीस मिनिटांत हजारावर आला.

आता प्युरिफायर. तो उष्टी हवा गाळून देतो, ताजी करत नाही, म्हणून तो कितीही पळवा मीटरवरचा आकडा हलत नाही, सुरुवातीला मला वाटलं मशीन डब्बा निघालं. हवेत तरंगणारे बारीक थेंब, ज्यात फ्लू किंवा टीबीचे जंतू असतात, ते तो पकडतो. घोळ ऑटो मोडचा आहे. ऑटो मोड धूळ-धूर बघून चालतो, माणसं बघून नाही. खाली गाडीवर भज्यांचा घाणा सुरू झाला की दोन्ही मशीनं विमानासारखी ओरडायला लागतात आणि 35 पोरं शांत बसून खोकतायत तेव्हा हिरवा लाईट लावून झोपा काढतात. पंधरा दिवस माझ्या लक्षातच नाही आलं. तेव्हापासून ऑटो बंद, आयोनायझरचं (हवेतल्या कणांना विजेचा भार देणारं) बटण पण बंद कारण त्याने ओझोन हा फुप्फुसाला त्रास देणारा वायू होऊ शकतो.

दुसरं म्हणजे आवाज. हॉल 170 घनमीटरचा, तासाला पाच वेळा हवा बदलावी किंवा गाळावी हा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा 2023 चा सल्ला, म्हणजे तासाला 850 घनमीटर स्वच्छ हवा पाहिजे. खोक्यावर एकेका मशीनला 380 लिहिलंय, दोन मिळून 760, बाकीचं एक्झॉस्ट भरून काढेल असा माझा हिशोब. पण ते 380 फुल स्पीडला, आणि फुल स्पीडला अभ्यासिकेत कोण बसणार, म्हणून मधल्या स्पीडला चालवतो आणि तिथं निम्मंच पकडून चाला. मोठी मशीन घेऊन हळू चालवा, लहान घेऊन पळवू नका, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर.

फिल्टरचं पण ऐका. आपल्याकडे कापसाच्या सीझनला आणि मार्च-एप्रिलच्या धुळीत बाहेरची जाळी दर आठवड्याला ब्रशने झाडावी लागते. आमच्या मावशींनी एकदा जाळीबरोबर आतला हेपा पण सर्फमध्ये धुवून गच्चीवर वाळत घातला, चूक माझीच, सांगितलं नव्हतं, तीन हजार गेले.

उन्हाळ्यात मात्र गंमत झाली. 44-45 डिग्रीत कूलर लावले, खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, समोरची खिडकी उघडी ठेवली की आकडा 600-650. मित्राच्या एसी क्लासला मीटर नेला तर तिथं 3100, कारण स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. तो म्हणे भाऊ, हाई काय शे, बिघडेल शे का तुन्हं मशीन!

पावसाळ्यात लाईट गेली की एक्झॉस्ट बंद, तो इन्व्हर्टरवर घ्यायचा राहिलाय.

पोरं आजारी पडायची थांबली का? जुलैमध्ये सर्दीची साथ आली तेव्हा चार जण आडवे झाले, अकरा नाही, पण एवढ्यावरून मशीनने केलं म्हणणं बरोबर नाही. शेजारचा दोन फुटांवरून तोंडावर खोकला तर कुठलंच मशीन मध्ये येत नाही. म्हणून खोकणाऱ्याला मास्क आणि एक्झॉस्टजवळच्या दोन सीट ठेवल्या, तिथं चार्जिंग पॉइंट असल्यामुळे आता धडधाकट पोरंच खोकत जाऊन बसतात, ते वेगळंच. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल त्याला मी थेट सरकारी दवाखान्यात पाठवतो, टीबीची तपासणी फुकट होते.

मीटरला पाचपैकी पाच, एक्झॉस्टला साडेचार, प्युरिफायरला तीन. मीटर आता दाराशी टांगलाय, बाराशेच्या वर गेला की मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडतंच, दादा, उष्टं झालं, खिडकी उघडा.