डिजिटल कंटेंट स्टोअर: स्कॅनची नोंद सोपी, डोळे मात्र उघडे ठेवा

पुस्तकातली पानं स्कॅन करून विद्यार्थ्यांना द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची, यासाठी ब्रिटनमधल्या विद्यापीठांना कॉपीराइट लायसन्सिंग एजन्सीची (कॉपी करण्याचे परवाने देणारी संस्था) ही सेवा. परवान्याची मर्यादा साधारणपणे पुस्तकाचं एक प्रकरण किंवा 10 टक्के, जे जास्त असेल ते. आयएसबीएन (पुस्तकाच्या आवृत्तीचा ओळख क्रमांक) टाकला की शीर्षक परवान्यात बसतं का, ते कळतं. मग पानं, कोर्स, विद्यार्थिसंख्या भरून पीडीएफ चढवायची. नोंद आपोआप एजन्सीकडे जाते. वर्षअखेरीस स्प्रेडशीट भरायची कटकट गेली, ही सेवा वापरायला हे एकच कारण पुरेसं आहे.

घोळ आवृत्तीत होतो: स्कॅन जुन्या आवृत्तीचं, आयएसबीएन नव्याचा, मग पानांचा हिशेबच चुकतो. शिवाय एकाच पुस्तकातून त्याच कोर्ससाठी दोन प्राध्यापकांनी वेगवेगळी प्रकरणं मागितली, तर मर्यादा सहज ओलांडते. संपलेल्या कोर्सच्या स्कॅनच्या लिंक वेळेवर बंद कराव्यात.