सीटी-११४ ट्यूटर: स्नोबर्ड्सच्या विमानाचे परीक्षण

कॅनडाच्या हवाई दलाचे ‘स्नोबर्ड्स’ हे कसरतपथक ज्या सीटी-११४ ट्यूटर विमानावर उडते, त्याचे परीक्षण करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. जमिनीवर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला हे विमान काय देते, हा पहिला. आणि आत बसलेल्या माणसाला ते काय देते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर जवळजवळ निखळ कौतुकाचे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र असे, की हे विमान बदलायला हवे आणि तो बदल पुष्कळ आधीच व्हायला हवा होता.

माँट्रियलच्या कॅनडेअर कंपनीने बनवलेल्या या विमानाने १३ जानेवारी १९६० रोजी पहिले उड्डाण केले. कॅनडाच्या हवाई दलाने १९० विमाने मागवली, त्यांचा पुरवठा १९६३ ते १९६६ या काळात झाला, आणि २००० सालापर्यंत त्या देशाचे लष्करी वैमानिक याच विमानावर जेट चालवायला शिकले. त्यामुळे रचनेचा सगळा भर शिकाऊ हाताला सांभाळून घेण्यावर आहे. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीशेजारी बसतात, पंख सरळ आहेत, शेपटीचा आडवा भाग उभ्या भागाच्या माथ्यावर बसवलेला आहे, आणि पोटात जे-८५ जातीचे एकच छोटे इंजिन आहे, ज्याचा रेटा सुमारे २,७०० पौंड भरतो. ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे जाण्याची त्याला कधी गरजच पडली नाही. स्नोबर्ड्सच्या विमानांत खालच्या उंचीवर इंजिनाने चटकन प्रतिसाद द्यावा म्हणून काही बदल केलेले असतात आणि पांढऱ्या धुरासाठी पोटाखाली डिझेलच्या टाक्या लावलेल्या असतात. एवढे सोडले तर पथकाचे विमान आणि जुने प्रशिक्षण विमान यांत फार अंतर नाही.

१९६७ साली कॅनडाच्या महासंघाच्या शताब्दीनिमित्त ‘गोल्डन सेंटेनिएर्स’ या पथकाने ट्यूटरवर कसरती केल्या, आणि १९७१ मध्ये सस्कॅचवानमधील मूस जॉ येथील तळावर स्नोबर्ड्सची सुरुवात झाली. तेव्हापासून विमान एकच आहे.

सप्टेंबरच्या आरंभी, श्रमिक दिनाच्या सुटीत टोरोंटोच्या एक्झिबिशन प्लेसलगत लेक ओंटारिओवर जो हवाई मेळा भरतो, तेथे हे पथक पाहिले म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे तेच विमान का टिकले, हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. ताकदवान लढाऊ विमान प्रेक्षकांसमोरून गर्जना करत जाते आणि पुढचे वळण घेण्यासाठी क्षितिजापलीकडे निघून जाते. ट्यूटर संथ आहे, म्हणूनच त्याचे वळण लहान असते, आणि नऊ विमानांचा अख्खा थवा काठावरच्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यातच फिरत राहतो. दोन विमानांमध्ये जेमतेम चार फुटांचे अंतर ठेवून ‘बिग डायमंड’ ही रचना उभ्या वर्तुळात चढते, माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखी वाटते आणि उतरताना ‘कॉनकॉर्ड’च्या आकारात बदलते, तेव्हा एकेका वैमानिकाच्या हाताचे बारीक काम उघड्या डोळ्यांनी दिसते. आवाजही बेताचा असल्याने निवेदन आणि संगीत ऐकू येते, आणि कडेवरची लहान मुले कानांवर हात न ठेवता पाहू शकतात. आठ आणि नऊ क्रमांकांची एकटी विमाने समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडतात तो भाग मला स्वतःला संपूर्ण रचनेपेक्षा कमी भावतो, पण तो रुचीचा प्रश्न झाला.

उणीव दिसते ती ताकदीची. रुंद रचना वळते तेव्हा बाहेरच्या कडेच्या विमानाला आतल्या विमानांपेक्षा मोठा फेरा घ्यावा लागतो, आणि हाताशी राखीव रेटा फारसा नसल्याने त्या वैमानिकाला पुढच्या हालचालीचा अंदाज आधीच बांधून चालावे लागते. हे त्यांना साधते, याचे सगळे श्रेय प्रशिक्षणाला आहे. केवळ प्रेक्षक म्हणून गुण द्यायचे झाले तर या विमानाला मी वरच्या श्रेणीत बसवीन, आणि जे कॅनेडियन त्यावर जीव टाकतात त्यांच्याशी माझे कोणतेही भांडण नाही.

आता आतल्या माणसाकडे वळू. १७ मे २०२० रोजी, महासाथीच्या दिवसांत घरात अडकलेल्या लोकांना धीर यावा म्हणून देशभर उड्डाणे करणारे हे पथक ब्रिटिश कोलंबियातील कॅम्लूप्स येथून निघाले. उड्डाणानंतर लगेच एका विमानाच्या इंजिनात पक्षी शिरला, इंजिनाची ताकद गेली, वैमानिकाने परतीचे वळण घेतले, विमान हवेत तोल गमावून खाली येऊ लागले आणि दोघांनीही इजेक्शन सीटची, म्हणजे माणसाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाची, मूठ ओढली. वैमानिक गंभीर जखमी झाला. पथकाच्या जनसंपर्क अधिकारी कॅप्टन जेनिफर केसी यांचा मृत्यू झाला. विमान वस्तीतल्या एका घराच्या अंगणात कोसळले. पक्षी इंजिनात शिरला याचे खापर विमानाच्या वयावर फोडता येत नाही, नवे विमानही तेथे कदाचित कोसळलेच असते. परंतु ट्यूटरचे आसन साठच्या दशकातले आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातूनही माणसाला सुखरूप बाहेर काढण्याची जी क्षमता आजची आसने देतात, ती त्यात नाही, आणि त्या दिवशी विमान ज्या उंचीवर आणि ज्या गतीने खाली येत होते, ती स्थिती या आसनाच्या मर्यादेबाहेरची होती. विमानातून बाहेर फेकले जाताच आसन डळमळू नये यासाठी काय करता येईल, हे पाहण्याची सूचना चौकशी अहवालातही आली.

इतर घटनाही याच नजरेने पाहाव्या लागतात. मे २००७ मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यात सरावाच्या वेळी विमान उलटे असताना वैमानिकाचा कमरेचा पट्टा सुटला, त्याचा ताबा गेला आणि कॅप्टन शॉन मॅकॉगी यांचा अंत झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये अटलांटाजवळ एका विमानाच्या इंजिनाने दगा दिला, वैमानिक बाहेर पडून वाचला, पण पॅराशूट उघडताना नेहमीसारखे वागले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फोर्ट सेंट जॉन येथे उड्डाण घेताच इंजिन बंद पडले, तेव्हा कारण निघाले तेलाच्या फिल्टरची सदोष जोडणी. वैमानिकाने विमान उरलेल्या धावपट्टीवर उतरवले आणि तो वाचला, मात्र सगळा ताफा काही काळ जमिनीवर बसवून ठेवावा लागला. पक्षी, पट्टा, इंजिन, फिल्टर अशी कारणे दरवेळी निराळी आहेत. त्यामुळे ‘प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे होते, मग विमानाला दोष का?’ असा युक्तिवाद होतो आणि तो वरवर बरोबरही वाटतो. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. काहीतरी बिघडणारच, हे कमी उंचीवर उडणाऱ्या प्रत्येक पथकाने गृहीत धरलेले असते. बिघडल्यानंतर माणसाच्या हातात किती सेकंद उरतात आणि त्या सेकंदांत त्याला बाहेर काढणारे साधन कितपत भरवशाचे आहे, हे मात्र विमान कोणत्या दशकातले आहे यावरून ठरते.

दुसरी अडचण सुट्या भागांची आहे. २००० साली प्रशिक्षणातून निवृत्त झाल्यानंतर ट्यूटरचा वापर जवळजवळ या एका पथकापुरताच उरला. शेकडो विमाने उडत असतात तेव्हा एखादा दोष कुठेतरी लवकर दिसतो, कारखाने सुटे भाग बनवत राहतात, आणि हाताखाली नवे तंत्रज्ञ तयार होतात. पथक एकटे उरले की हे सारे ओझे त्याच्यावरच पडते. ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’ या कसरतपथकाची अवस्था आता तशीच झाली आहे: मार्च २०२२ मध्ये हॉक टी-१ हे विमान उरलेल्या ब्रिटिश तुकड्यांतून निवृत्त झाले आणि लाल रंगाच्या पथकाकडेच राहिले. ट्यूटरची संपर्क आणि दिशादर्शन यंत्रणा नवी करून ते २०३० पर्यंत चालवण्याचे कॅनडाने ठरवले. हा खर्च वाया जाईल असे मी म्हणणार नाही, नव्या रेडिओचा उपयोग आहेच. पण ज्या वस्तूने माणूस वाचतो ती वस्तू जुनीच ठेवून तिच्याभोवतीची उपकरणे बदलणे, हा प्राधान्यक्रम मला पटत नाही.

बदल लांबवल्यास काय होते याचा दाखला भारतातच आहे, आणि तो ट्यूटरच्या चाहत्यांनी अवश्य पाहावा. ‘सूर्यकिरण’ हे भारतीय हवाई दलाचे पथक १९९६ मध्ये बीदरच्या तळावर उभे राहिले, ते किरण मार्क-२ विमानांवर. हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली आखलेले किरण १९६४ मध्ये पहिल्यांदा उडाले. एक इंजिन, सरळ पंख, शेजारीशेजारी दोन आसने अशी त्याची घडण ट्यूटरशी सख्ख्या भावासारखी जुळते. २००९ साली एचपीटी-३२ दीपक ही प्राथमिक प्रशिक्षणाची विमाने अपघातानंतर थांबवली गेली, नवशिक्यांसाठी किरण विमानांची गरज भासू लागली, आणि फेब्रुवारी २०११ मधील बंगळुरूच्या एरो इंडिया या हवाई प्रदर्शनानंतर सूर्यकिरण पथकच थांबवावे लागले. हाताशी पर्यायी विमान तयार नव्हते. २०१५ मध्ये मोजक्या हॉक विमानांवर पथक पुन्हा उभे राहिले आणि नऊ विमानांची पूर्ण रचना परत यायला आणखी काळ गेला. मधल्या वर्षांत ज्यांनी अनुभव साठवला होता ते वैमानिक इतर कामांवर गेले. कसरतीचे कौशल्य पुस्तकातून मिळत नाही, ते आधीच्या वैमानिकाच्या शेजारी उडून मिळते. त्यामुळे असा खंड हा केवळ कार्यक्रमपत्रिकेतला खंड राहत नाही.

नव्या विमानाने अपघात टळतात, असा दावा मी सूर्यकिरणच्या आधारेही करणार नाही. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंका येथे सरावात पथकाची दोन हॉक विमाने एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांना प्राण गमवावे लागले. त्या विमानांतले उरलेले दोन्ही वैमानिक मात्र इजेक्शन सीटमुळे बाहेर पडले आणि वाचले. माझ्या दृष्टीने बदलाच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे.

मग बदलून घ्यायचे काय? हॉक हे एकेकाळी स्वाभाविक उत्तर होते, पण कॅनडाने आपली प्रशिक्षणाची हॉक विमाने २०२४ मध्ये निवृत्त केली, आणि ब्रिटनमध्ये त्या जातीची बांधणीही थांबली आहे. केवळ प्रदर्शनासाठी वेगळे जेट विकत घेणे म्हणजे आजचीच अडचण तीस वर्षांनी पुन्हा ओढवून घेणे. कॅनडाच्या नव्या प्रशिक्षण योजनेत पिलेटस पीसी-२१ हे पंख्याचे टर्बोप्रॉप विमान आहे, आणि माझी शिफारस त्याच विमानाची आहे. त्यात आधुनिक आसने आहेत, प्रशिक्षणासाठी त्याचे तंत्रज्ञ आणि सुटे भाग देशातच असतील, आणि ऑस्ट्रेलियाच्या ‘रूलेट्स’ पथकाने २०१९ पासून त्यावर प्रदर्शने करून ते या कामाला योग्य असल्याचे दाखवले आहे. ‘पंख्याचे विमान म्हणजे अधोगती’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तिच्यावर मला एवढेच सांगायचे आहे, की स्वित्झर्लंडचे पथक पंख्याच्या पीसी-७ विमानांवर नऊ जणांची रचना अनेक वर्षे बांधते आहे, आणि ती पाहताना जेटची उणीव जाणवत नाही. ट्यूटरचे सौंदर्य त्याच्या इंजिनाच्या जातीत कधी नव्हतेच. संथ गती, लहान वळण आणि घट्ट रचना यांत ते होते, आणि या तिन्ही गोष्टी टर्बोप्रॉपला उत्तम जमतात. आवाजाचा पोत बदलेल, हे खरे. सुरुवातीला नऊऐवजी सहाच विमाने मिळाली तरी ती स्वीकारावीत, आणि किमान एक हंगाम जुन्या वैमानिकांनी नव्या विमानावर नव्यांसोबत सराव करावा, म्हणजे सूर्यकिरणसारखा खंड पडणार नाही.

आसनांच्या शेजारीशेजारी असण्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना ट्यूटरच्या उजव्या आसनावर पथकाचा तंत्रज्ञ बसून जातो, आणि विमान उतरले की तोच त्याच्या देखभालीला लागतो. अटलांटिक किनाऱ्यापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या देशात ही सोय फार मोलाची आहे, आणि पथकातील वैमानिक व तंत्रज्ञ यांच्यातला जिव्हाळा त्यातूनच वाढतो. पण कॅप्टन केसी याच दुसऱ्या आसनावर होत्या. २००८ मध्ये मूस जॉजवळ छायाचित्रणाच्या उड्डाणात कॅप्टन ब्रायन मिचेल यांच्यासोबत गेलेले सार्जंट चार्ल्स सेनेकाल हेही दुसऱ्याच आसनावर होते, जरी तो अपघात विमानाच्या बिघाडाचा नव्हता. नवे विमान येईपर्यंतची वर्षे ट्यूटरवरच काढायची असतील, तर वैमानिकाखेरीज इतरांनी मालवाहू विमानातून प्रवास करावा, असा नियम हवाई दलाला या हंगामापासूनच करता येण्यासारखा आहे. त्यासाठी कोणत्याही कारखान्याची किंवा निविदेची वाट पाहावी लागत नाही.