गालाची गाठ अन् तालुक्याचा दातांचा दवाखाना (४/५)

चार स्टार देतो, पाचवा जिन्यासाठी कापला. जबडा सुजलेल्या म्हाताऱ्या माणसाले दोन माळे चढवत नेणं काय असते ते बोर्डावर दहाची वेळ लिहून साडेअकराले येणाऱ्या डॉक्टरले काय समजणार, पण माणूस कामाचा हाये.

बाबाची दाढ कापूस वेचाच्या टायमाले काढली होती, दुसऱ्या ठिकाणी. संक्रांतीपर्यंत जबड्याखाली गाठ, लाकडासारखी टणक, जास्त दुखे नाही, मग फुटली, पू आला, एक तोंड सुकलं का बाजूले दुसरं. पाच-पाच दिवसाच्या गोळ्या तीनदा झाल्या, सूज उतरे अन् परत तेच. बाबा खर्रा (तंबाखू-सुपारी) खाते म्हणून अर्ध्या गावानं कॅन्सर ठरवला, बाकीचे टीबी म्हणत, अन् मायनं तर ताट-गिलास वेगळं केलं.

इथं डॉक्टरनं गाठ दाबून पू गॉजवर घेतला अन् मले बोलावून दाखवला, त्यात बारीक पिवळे कण, रव्यासारखे. म्हणे याले सल्फर ग्रॅन्यूल म्हणतात पण गंधक-बिंधक काही नाही, जंतूचेच गोळे होत. ॲक्टिनोमायकोसिस वाटते म्हणे. हा जंतू चांगल्या माणसाच्या तोंडातही राहते, दाढ काढली का हिरडी सडली का त्या वाटेनं आत शिरते. एकापासून दुसऱ्याले लागत नाही, ताट जवळ करा. काकानं इचारलं, बैलाच्या जबड्याले होते तेच का? तर म्हणे त्याचा भाऊबंद, पण बैलापासून नाही आलं.

नुसतं वाटते म्हणून थांबला नाही, गाठीचा तुकडा काढून तपासाले नागपूरले पाठवला. पूचं कल्चर, म्हंजे त्यातला जंतू वाढवून पाहाची तपासणी, त्यात काही उगवलं नाही (हा जंतू हवेशिवाय वाढवा लागते, अन् आधीच्या गोळ्याइनं गोंधळ केला होता), तुकड्यात मात्र सापडला. मग नागपूरले चार आठवडे पेनिसिलिनचे इंजेक्शन अन् घरी सहा महिने अमोक्सिसिलिन. सहा महिने! कडक झालेल्या मासात औषध लवकर पोचत नाही म्हणून. दुसऱ्याच महिन्यात गाठ बसली तर बाबा म्हणे बस झालं आता, पण दवाखान्यातली ताई दर पंधरा दिवसाले फोन करून गोळ्या मोजाले लावे.

पैसे वाजवी, यूपीआय चालते. मंगळवारी बाजार असते, त्या दिवशी जाऊ नका, नंबर लागत नाही.