टॅब की जुने लॅपटॉप? शाळेसाठी घेताय तर आधी मुलांना मराठीत एक पान टाईप करायला लावा

दिवाळीपासून तिघांनी मला हेच विचारलं, की शाळेसाठी पैसे जमलेत तर टॅब घेऊ का रिफर्बिश्ड (म्हणजे दुरुस्त करून विकलेला जुना) लॅपटॉप. आमच्या शाळेत (पुण्यातलीच, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी) दोन्ही वापरून झालेत. आधी एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, टॅब आले, ते आम्ही निवडले नव्हते, दोन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने पैसे दिले तेव्हा मात्र निवडायची वेळ माझ्यावर आली. रॅम, स्क्रीन, स्टोरेज तुम्ही बघालच, त्यात मी फारसा पडत नाही.

टॅबचं कौतुक आधी करतो, नाहीतर म्हणाल सर एकतर्फी बोलतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड समोर धरला की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरचं त्या धड्याचं सगळं उघडतं, लॅपटॉपवर हेच करायचं म्हणजे कसरत. शिवाय चार्जिंग दिवसभर पुरतं. आपल्याकडे गुरुवारी लाईट जाणार हे धरूनच तास लावावे लागतात, अशा वेळी टॅबवाला वर्ग निवांत चालू असतो आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या पाऊण तासात मान टाकतात. पहिली ते चौथी असेल तर सरळ टॅब घ्या, पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

माझं डोकं फिरलं ते टायपिंगवरून.

सातवीला टॅबवर पालखीबद्दल दहा-बारा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. कीबोर्ड उघडला की अर्धा स्क्रीन गेला, उरलेल्या जागेत तीन ओळी दिसतात, म्हणजे पोराला आपण वर काय लिहिलंय तेच दिसत नाही, वरचं दुरुस्त करायचं तर कीबोर्ड मिटवा, सरकवा, बोटाने नेमक्या अक्षरावर टेकवा, ते भलतीकडेच टेकतं. बरं हे पण चालवून घेतलं असतं. पण मुलं टाईप करतात इंग्रजी अक्षरात, palkhi मधली चार-पाच अक्षरं दाबली की वरच्या पट्टीत आयतं ‘पालखी’ येतं, दाबलं की झालं. सगळ्यांचं शुद्धलेखन एकदम सुंदर! मी आपला खूश. मग घटक चाचणीत त्याच मुलांनी कागदावर पालखि, पालकी, काय वाट्टेल ते लिहिलं. दोघांनी तर नुसतं पट्टीतला मधला शब्द दाबत जायचा खेळच काढला होता, ‘मी आहे आणि ते आहे की मी’ असं पाऊण पान, वर मलाच वाचायला दिलं.

म्हणाल ब्लूटूथ कीबोर्ड जोडा. जोडले, दहा आणले. सगळ्यांचं नाव एकच, त्यामुळे पहिल्या बाकावर दाबलेलं तिसऱ्या बाकावर उमटायला लागलं, तो तास नुसता हसण्यात गेला.

लॅपटॉपवर आम्ही इनस्क्रिप्ट लावलं, म्हणजे मराठी अक्षरं थेट बटणांवर असलेली कीबोर्डची मांडणी. ते अवघड आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. पण त्यात पहिली वेलांटी एफवर आणि दुसरी बरोबर तिच्या डोक्यावर आरवर, पहिला उकार जीवर आणि दुसरा त्याच्यावर टीवर. म्हणजे ऱ्हस्व खालच्या ओळीत, दीर्घ वरच्या. पोराला प्रत्येक वेळी ठरवावंच लागतं खाली का वर, आणि चुकलं तर चूक तशीच समोर दिसते, कोणी गुपचूप दुरुस्त करून देत नाही. तीनेक महिन्यात वह्यांमध्ये फरक दिसायला लागला असं मला वाटतं. मोजलेलं नाही, पण मराठीच्या बाईंनी आपणहून विचारलं की यांना काय केलंत.

लॅपटॉपची डोकेदुखी वेगळी आहे, ती लपवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि स्वस्तात मिळणारे बरेचसे इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनचे, त्यातल्या बहुतेकांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. दुकानदार म्हणतो सर टाकून देतो की ११, नका टाकून घेऊ. आम्ही विंडोजऐवजी उबुंटू ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली, इनस्क्रिप्ट त्यात येतंच, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालतं. ४ जीबी रॅमवर रडतं, ८ घ्या. आणि टॅबच्या पैशात लॅपटॉप कमी येतात, आमच्याकडे दोघात एक आहे. त्याचंही फार वाईट नाही वाटलं, एक टाईप करतो आणि दुसरा शेजारून ‘अरे दुसरी, दुसरी वेलांटी’ म्हणून ओरडतो.

तुमचा भर व्हिडिओ आणि क्यूआरवरच असेल तर टॅबही वाईट नाहीत, आमचे टॅब आजही पाचवीच्या वर्गात जातातच. पण सहावीच्या पुढची मुलं असतील आणि त्यांनी काही लिहावं असं वाटत असेल तर मी तरी लॅपटॉपच घेईन. घेताना प्रत्येकाची सगळी बटणं दाबून बघा, आमच्या तीन लॅपटॉपचं एफ मेलेलं निघालं, म्हणजे नेमकी पहिली वेलांटीच गेली. दोन-चार चार्जर जास्तीचे तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) उचला, कमी पडतातच. आणि बटणांवर लावायचे मराठी अक्षरांचे स्टिकर जरा चांगले घ्या, आमचे पहिल्या पावसाळ्यातच सुटले, नवीन लावायला बसलो तर आठवीतली पोरगी म्हणाली, राहू द्या सर, चिकट लागतं.