संगणक आपोआप बंद पडत होता, ‘व्हायरस’ काढणाऱ्यांनी पैसे नेले

डेस्कटॉप संगणक चालता चालता अचानक बंद पडणे हा दोष फसवणूक करणाऱ्यांच्या फार सोयीचा असतो. तो दाखवा म्हटल्यावर दिसत नाही. कधी दिवसभर काहीच होत नाही, तर कधी तासाभरात दोनदा पडदा काळा होतो. शिवाय त्याची कारणे भिंतीवरच्या सॉकेटपासून प्रोसेसरवरच्या वाळलेल्या थर्मल पेस्टपर्यंत कुठेही असू शकतात, त्यामुळे समोरच्याने छातीठोकपणे सांगितलेले कोणतेही कारण ऐकणाऱ्याला खरे वाटू शकते. माझ्याकडून पैसे काढून घेतले गेले ते याच अनिश्चिततेचा फायदा घेऊन. त्यासाठी वापरलेल्या युक्त्या ठरावीक आहेत आणि ठिकठिकाणी त्याच वापरल्या जातात, म्हणून त्या क्रमाने लिहीत आहे.

आधी लक्षण नीट सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. माझा संगणक बंद पडताना निळा पडदा येत नसे, कसली सूचना येत नसे आणि विंडोज बंद होत असल्याची ओळही दिसत नसे. पंखे एकदम थांबत आणि सगळे शांत होई. काही वेळा पुढचे बटण दाबूनही तो सुरू होत नसे. मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने चालू केला की मगच तो जागा होई. या शेवटच्या खुणेतच दोषाचे उत्तर होते, पण ज्याच्याकडे मदत मागितली त्याने तिच्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही.

इंटरनेटवर या दोषाचा शोध घेतला तेव्हा अगदी वरच एक मदतीचा क्रमांक दिसला. विंडोज बनवणाऱ्या कंपनीचेच हे अधिकृत मदतकेंद्र असावे, असे वाटेल अशा बेताने तिथला मजकूर लिहिलेला होता. शोधाच्या निकालात सर्वांत वर येणारे दुवे पुष्कळदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात आणि तशी बारीक अक्षरातली खूण त्यांच्याजवळ असते. फोनवरचा माणूस अत्यंत सभ्यपणे बोलत होता. संगणकाला काय होते ते त्याने अर्धेच ऐकून घेतले आणि लगेच दुरून पडदा पाहण्याचे व हाताळण्याचे एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितले. ते सॉफ्टवेअर स्वतः बनावट नसते, कार्यालयांमध्ये ते रोज वापरले जाते. प्रश्न असतो तो फक्त दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे याचा.

संगणकात शिरल्यावर त्याने प्रथम इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज स्वतःच्या कारभाराची जी रोजनिशी ठेवते ती इथे दिसते आणि तीत लाल व पिवळ्या खुणांची रांगच असते. “सर, ही प्रत्येक लाल खूण म्हणजे एक इन्फेक्शन. तुमच्याकडे किती आहेत ते बघा,” असे म्हणत तो यादी भराभर खाली सरकवत राहिला. वास्तविक अशा खुणा ठणठणीत संगणकातही असतात. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला किंवा एखाद्या घटकाला परवानगी मिळाली नाही, तरी तशी नोंद होते. डिस्ट्रिब्युटेडकॉम या नावाखाली वारंवार येणाऱ्या १००१६ क्रमांकाच्या नोंदींकडे दुर्लक्ष केले तरी चालते, असे तर मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवले आहे.

यानंतर त्याने सेवांची यादी उघडून ‘थांबलेली’ असे लिहिलेल्या ओळी दाखवल्या आणि व्हायरसने या सेवा मारून टाकल्या आहेत असे सांगितले. विंडोजमधल्या अनेक सेवा गरज पडल्यावरच सुरू होतात, एरवी त्या थांबलेल्याच असतात. मग काळ्या खिडकीत ‘ट्री’ ही आज्ञा देऊन त्याने फोल्डरांची नावे सरसर पळवली आणि आपण तपासणी करत असल्याचे भासवले; ती आज्ञा फोल्डरांचा आराखडा छापण्यापलीकडे काहीही करत नाही. माझ्या मते सर्वांत धूर्त युक्ती मात्र याच्या पुढची होती. ‘असॉक’ या आज्ञेने येणाऱ्या यादीच्या तळाशी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांबलचक संकेतांक असतो. हा तुमच्या संगणकाचा खासगी परवाना क्रमांक आहे, असे सांगून त्याने तो फोनवर आधीच अचूक वाचून दाखवला आणि मला पडद्यावर पडताळून पाहायला लावला. आपल्या यंत्राचा गुप्त क्रमांक ज्याला ठाऊक आहे तो कंपनीचाच माणूस असणार, असा निष्कर्ष कोणीही काढील. तो संकेतांक मात्र सगळ्या विंडोज संगणकांवर सारखाच असतो. फाइली झिप करून पाठवण्याच्या सोयीशी त्याचा संबंध आहे, परवान्याशी काडीचाही नाही.

हे चालू असतानाच संगणक नेहमीसारखा धाडकन बंद पडला. मी तसे सांगितल्यावर पलीकडून क्षणाचाही विलंब न होता उत्तर आले, “बघितलंत ना सर? आपण त्याच्या मागे लागलोय हे व्हायरसला कळलं.” या हजरजबाबीपणाची दाद द्यावी लागेल. पुरावा म्हणून मात्र हे वाक्य उलट्या बाजूचे आहे, कारण व्हायरस संगणक बंद करतो तेव्हा तो बहुधा विंडोजकडूनच तसे करवून घेतो आणि ते डोळ्यांना दिसते. ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेल्या ब्लास्टरने आणि २००४ मधल्या सॅसरने लाखो संगणक बंद पाडले, तेव्हाही पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी येत असे. काहीही न सांगता पंख्यांसकट सगळे जागच्या जागी थांबते, तेव्हा संशय आधी विजेवर, उष्णतेवर आणि बटणावर घ्यायचा असतो.

पुढचा भाग लवकर उरकतो. संरक्षणाची मुदत संपली आहे, एका वर्षाची योजना की कायमची, असा पर्याय ठेवला गेला. मी कार्डाने पैसे दिले. आणि आता सफाई चालू आहे, कशालाही हात लावू नका, असे म्हणून त्याने माझा पडदा बराच वेळ काळा ठेवला. दुरून नियंत्रण करणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये समोरच्याचा पडदा झाकण्याची सोय असते आणि त्या काळात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कागदपत्रांचे फोल्डर, उघडी असलेली ईमेल असे सगळे चाळता येते. पडदा परत आला तेव्हा त्याने पुन्हा इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला. एकही लाल खूण नव्हती.

आणि संगणक खरोखरच चालू राहिला. त्या संध्याकाळी तो बंद पडला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाचा हा गुण फसवणाऱ्याला नेमका माहीत असतो. थांबून थांबून येणारा ताप ज्या दिवशी उतरतो, त्या दिवशी शेवटचा अंगारा लावणाऱ्याला श्रेय मिळते. पैसे परत मागण्याची बँकेतली मुदत, फोन केल्याचा संताप, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावध करण्याची इच्छा, हे सारे त्या शांत दिवसांत विरून जाते. काही दिवसांनी संगणक पुन्हा पूर्वीसारखाच बंद पडू लागला. त्या क्रमांकावर फोन केला, तर हा नवा व्हायरस असून त्याला वरच्या श्रेणीची योजना लागेल, असे सांगण्यात आले.

त्यानंतर संगणक एका जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडे नेला. त्याने पहिल्यांदा जुन्या नोंदी पाहायला घेतल्या आणि त्या नव्हत्याच. सिस्टमच्या नोंदवहीत अगदी सुरुवातीला १०४ क्रमांकाची एकच ओळ होती, जिचा अर्थ ही नोंदवही पुसण्यात आली आहे असा होतो. ‘सफाई’ झाली होती ती एवढीच. मला राग आला तो पैशांपेक्षा याचा अधिक, कारण कोणत्या वेळी, कोणते काम चालू असताना संगणक बंद पडला याचा जो इतिहास निदानाला उपयोगी पडला असता, तोच या लोकांनी आपले नाटक पूर्ण करण्यासाठी नाहीसा केला होता.

सुदैवाने दोष कायम असल्यामुळे नव्या नोंदी लवकरच जमल्या. कर्नल-पॉवर या नावाची, ४१ क्रमांकाची, ‘गंभीर’ असा शिक्का असलेली ही नोंद. फोनवरच्या माणसाने मला हीच ओळ व्हायरसचा पुरावा म्हणून दाखवली होती. मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढेच ती सांगते आणि ती लिहिली जाते तीही संगणक पुन्हा सुरू झाल्यानंतर. तिचा तपशील उघडला की बगचेककोड हा आकडा दिसतो. विंडोज स्वतः कोसळली असेल तर तिथे शून्याखेरीज दुसरा आकडा असतो आणि त्यावरून ड्रायव्हर, रॅम वगैरे दिशेने तपास करता येतो. तिथे शून्य असेल तर विंडोजला कोसळल्याची नोंद करण्याइतकीही सवड मिळालेली नसते, म्हणजे बहुतेक वेळा वीजच गेलेली असते. त्याच तपशिलात पॉवरबटणटाइमस्टॅम्प नावाची दुसरी नोंद असते. ती शून्य नसेल तर बटण दाबून धरले गेल्याचा संशय घेता येतो. माझ्याकडे दोन्ही ठिकाणी शून्य होते. ज्या ओळीच्या आधारे माझ्याकडून व्हायरसचे पैसे घेतले गेले, तीच ओळ हा प्रश्न विंडोजच्या बाहेरचा आहे असे सांगत होती.

या माणसाची पद्धत मला आवडली, कारण तो एका वेळी एकच गोष्ट बदलत होता आणि प्रत्येक बदलाचे कारण सांगत होता. प्रथम त्याने यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करून संगणक थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावला, कारण थकलेल्या बॅटरीचा यूपीएस भार वाढताच मान टाकतो. नंतर पुढच्या बटणाची दोन पिनांवरची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवली. अडकलेले बटण सुमारे चार सेकंद दाबलेले राहिले तरी संगणक बंद होतो आणि हे फुकटात तपासता येते. मग तापमानाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर लावून प्रोसेसरवर भार टाकला. डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते; तिच्याजवळ पोहोचताच ते आधी आपला वेग कमी करतात आणि तरीही तापत राहिले तर संगणक बंद होतो. माझ्या नोंदीतले शेवटचे तापमान या मर्यादेपासून खूप दूर होते. उरला तो एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. नियमानुसार बारा व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहिली पाहिजे. रिकाम्या वेळी ती ठीक दिसत होती. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यावर एकदम भार टाकल्यावर मात्र मल्टिमीटरचा आकडा घसरला आणि संगणक आमच्यासमोरच बंद पडला. वायरने टोके जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवणे आणि तो चांगला आहे म्हणणे, हा जो प्रकार अनेक ठिकाणी चालतो, त्यातून तो सुरू होतो एवढेच कळते, भार पेलतो की नाही ते कळत नाही. मागचा स्विच बंद करून चालू करावा लागण्याचे कारणही इथेच होते: एसएमपीएसमधले संरक्षण एकदा लागले की वीज पूर्ण तोडल्याशिवाय पुष्कळदा ते सुटत नाही. दुसरा एसएमपीएस जोडून तीच चाचणी बराच वेळ चालवली, संगणक टिकला आणि आजही टिकून आहे. जुना एसएमपीएस कुणी कुतूहलाने उघडू नये. वीज काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

फसवणुकीची निस्तरानिस्तर दुरुस्तीपेक्षा लांबली. संगणक नेटवर्कपासून तोडून विंडोज नव्याने घातली, कारण दुरून नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर कोणी समोर नसतानाही प्रवेश देईल अशा रीतीने बसवता येते आणि ते केवळ काढून टाकल्याने सगळे गेले याची खात्री देता येत नाही. पासवर्ड बदलले ते दुसऱ्या यंत्रावरून, ईमेलपासून सुरुवात करून, आणि ईमेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याचा एखादा नियम लावलेला नाही ना हेही पाहिले. कार्ड बंद करून बँकेकडे लेखी तक्रार दिली व पोलिसांकडेही नोंद केली. तक्रारीला तो फोन क्रमांक, पावती आणि सॉफ्टवेअर उतरवल्याची वेळ जोडली. विंडोजच्या खऱ्या त्रुटिसंदेशात फोन क्रमांक कधीही नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्पष्टपणे जाहीर केलेले आहे. म्हणून पडद्यावर क्रमांक झळकला तर तो फिरवण्यापूर्वी ब्राउझर बंद करावा.

अशा लोकांच्या यादीत एकदा नाव गेले की दुसरा फोन येतो आणि मलाही तो आला. आमची कंपनी बंद होत आहे, तुमचे पैसे परत करायचे आहेत, फक्त तेच सॉफ्टवेअर पुन्हा उतरवा आणि बँकेचे पान उघडा, असे सांगण्यात आले. इथली युक्ती अशी असते की तुमच्या ब्राउझरमधल्या पानावरची शिलकीची रक्कम ते दुरून, फक्त दिसण्यापुरती, बदलतात, चुकून जास्त पैसे जमा झाले म्हणून गयावया करतात आणि वरचे पैसे परत पाठवायला लावतात. प्रत्यक्षात काहीच जमा झालेले नसते, तुम्ही पाठवता ते तुमचेच पैसे असतात. असा आकडा दाखवला गेला तर ते पान त्या संगणकावर पुन्हा उघडून पाहण्यातही अर्थ नाही, कारण पडदा अजून त्यांच्याच ताब्यात असतो. शिल्लक दुसऱ्या यंत्रावरून किंवा थेट बँकेत जाऊन तपासावी. मी फोन ठेवला आणि तो क्रमांक तक्रारीत वाढवला.